गोऱ्ह्याचं काय करायचं?

दूध हवं तर गाय व्यायला हवी, आणि ती व्याली की निम्म्या वेळा गोऱ्हा होणार. एवढी साधी गोष्ट. तरी बँकेच्या कर्जासाठी दहा गायींच्या गोठ्याचा जो हिशेब मांडला जातो त्यात दूध असतं, शेणखत असतं, कालवडींची वाढ असते. गोऱ्हा सहसा जमेलाही नसतो आणि खर्चालाही नसतो. तो जन्मतो मात्र नेमाने. त्याचं पुढे काय करायचं याचं उत्तर दूध पिकवणाऱ्या प्रत्येक देशाने आपापल्या परीने दिलं आहे. कुणी त्याला वाढवून खातं, कुणी आठवडाभरातच कापतं, कुणी तो जन्मूच नये अशी सोय बघतं. महाराष्ट्रात कायद्याने त्याला मारता येत नाही आणि हिशेबाने त्याला पोसता येत नाही, म्हणून तो उपाशी मरतो.

हे पूर्वी असं नव्हतं. खिलार, डांगी, देवणी, लाल कंधारी, गवळाऊ या आपल्या जाती मुळात बैलासाठी जोपासलेल्या. खिलार गाय दूध द्यायची ती वासरापुरतं आणि फार तर घरच्या चहापुरतं. गोऱ्हा झाला की घर खूश, कारण तीन-चार वर्षांत त्याची जोडी औताला यायची किंवा बाजारात चांगले पैसे देऊन जायची. मग १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ उभी केली, १९७० मध्ये दूध महापूर योजना आली, होल्स्टिन आणि जर्सीच्या रेतमात्रा गावोगाव पोचल्या. नगर, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली या पट्ट्यात कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात दर दहा दिवसांनी रोख पैसा यायला लागला तो या संकरित गायींमुळे. त्याबद्दल नाक मुरडायचं कारण नाही. पण या गायीचा गोऱ्हा कामाचा उरला नाही. त्याला धड वशिंड नाही, त्यामुळे जू मानेवर ठरत नाही. वैशाखातल्या उन्हात तो दहा तास चालू शकत नाही. त्याला औताला जुंपण्याचे प्रयोग झाले, सकाळी लवकर आणि संध्याकाळी तो बऱ्यापैकी ओढतोही. पण तोवर ट्रॅक्टर बांधावर येऊन उभा राहिला होता. पैदाशीसाठीही तो नको, कारण कृत्रिम रेतनात एक निवडक वळू वर्षाला हजारो मात्रा देतो. देशी गाय वासरू समोर असल्याशिवाय पान्हा सोडत नाही, म्हणून तिथे गोऱ्ह्याला निदान तेवढी तरी किंमत होती. संकरित गाय यंत्रालाही दूध देते. म्हणजे तेही गेलं.

आकड्यांत हे स्वच्छ दिसतं. २०१९ च्या पशुगणनेत देशात गोवंश सव्वाएकोणीस कोटी. त्यात माद्या साडेचौदा कोटी आणि नर पावणेपाच कोटींच्या आत. म्हशींत तर अकरा कोटींपैकी दहा कोटी माद्या. जन्माला येताना निसर्ग निम्मे-निम्मे देतो. मधला फरक कुठे गेला, हे कुठल्याच सरकारी अहवालाच्या मथळ्यात येत नाही.

युरोपात याच गोऱ्ह्यावर एक मोठा धंदा उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे दूध इतकं वाढलं की लोणी काढून उरणारं दूध आणि चीज करताना उरणारं पाणी यांचं करायचं काय, हा प्रश्न पडला. त्याची पावडर करून ती कोमट पाण्यात कालवून गोऱ्ह्यांना पाजायची आणि सहा-सात महिन्यांचे झाले की कापायचं, असा मार्ग निघाला. हे कोवळ्या वासराचं मांस, व्हील, इटलीत आणि फ्रान्समध्ये पूर्वापार आवडीचं. नेदरलँड्समध्ये आज वर्षाला सुमारे पंधरा लाख वासरं अशी वाढवली जातात, आणि त्यांचं बहुतेक मांस देशाबाहेर जातं. वासरंही सगळी तिथली नव्हेत. जर्मनीतून ट्रकने आणि आयर्लंडमधून बोटीने काही आठवड्यांची वासरं येतात. २०१५ साली युरोपीय संघाने दुधाचा कोटा उठवला, आयर्लंडने गायी वाढवल्या, आणि गायींबरोबर गोऱ्हेही वाढले. जर्मनीने २०२३ पासून अठ्ठावीस दिवसांच्या आतलं वासरू गोठ्याबाहेर पाठवायला बंदी केली, त्याआधी ही मर्यादा चौदा दिवसांची होती.

या मांसाला भाव मिळायचा तो पांढरेपणामुळे. मांस पांढरं राहावं म्हणून वासराला गवत द्यायचं नाही, लोह कमी पडू द्यायचं आणि त्याने हालचाल करू नये म्हणून त्याला लाकडी खोक्यात कोंडायचं. खोकं इतकं अरुंद की वासराला त्यात वळता येऊ नये. ब्रिटनने १९९० मध्ये या खोक्यांवर बंदी घातली, युरोपीय संघात ती २००७ पासून पूर्ण लागू झाली. आता आठ आठवड्यांनंतर वासरांना कळपातच ठेवावं लागतं, रोज ठरावीक चारा द्यावा लागतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनची किमान पातळीही नियमात लिहिलेली आहे. वासराला पंडुरोग होऊ देऊ नका हे कायद्याने सांगावं लागलं, यावरून आधी काय चालत असेल ते समजावं.

छोट्या शेतकऱ्याच्या नजरेने पाहिलं तर डच पद्धतीत घेण्यासारखं फारसं नाही. तिथे वासरू कंपनीचं, पावडर कंपनीची, कत्तलखानाही कंपनीचा; शेतकऱ्याची शेड आणि मेहनत. आपल्याकडे कंत्राटी ब्रॉयलरवाल्यांचं जे चालतं तेच. छोट्या शेतावर गोऱ्हे वाढवण्याचा खरा प्रयत्न झाला तो ब्रिटनमध्ये, आणि त्याची हकीकत जास्त उपयोगाची आहे.

खोक्यांच्या बातम्यांमुळे ब्रिटिश माणसाने व्हील खाणं जवळपास सोडलं. परिणाम उलटाच झाला. देशात गिऱ्हाईक नाही म्हणून गोऱ्हे बोटीने युरोपात जाऊ लागले, म्हणजे ज्या खोक्यांवर घरी बंदी होती त्याच खोक्यांत. १९९५ मध्ये शोरहॅम आणि ब्राइटलिंगसी या बंदरांवर माणसं हजारोंनी रस्त्यावर उतरली. कॉव्हेंट्री विमानतळावर वासरं नेणाऱ्या ट्रकखाली सापडून जिल फिप्स ही आंदोलक मरण पावली. पुढच्याच वर्षी ‘मॅड काउ’ रोगामुळे ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर बंदी आली आणि सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन नवजात गोऱ्हे मारण्याची योजनाच काढली. योजना संपली तरी सवय राहिली. अनेक गोठ्यांत होल्स्टिनचा गोऱ्हा जन्मल्या दिवशी गोळी घालून संपवला जाई.

यातून ‘रोझ व्हील’ पुढे आलं. गोऱ्ह्याला गवताच्या गादीवर, कळपात, दूध आणि चारा दोन्ही देऊन सहा-आठ महिने वाढवायचं. मांस गुलाबी होतं, त्यावरून नाव. लक्षात घ्यायची गोष्ट ही की या मांसाची भलामण प्राण्यांसाठी लढणाऱ्या संस्थांनीच केली. त्यांचं म्हणणं सरळ होतं: तुम्ही दूध पिता आणि चीज खाता, तर गोऱ्हा जन्मणारच, मग तो गोळीने मरण्याऐवजी काही महिने नीट जगून कुणाच्या पोटात गेलेला बरा. वीस-पंचवीस गोऱ्हे वाढवून थेट गिऱ्हाइकाला मांस विकणारे शेतकरी तिथे तयार झाले. पण ते मोजकेच राहिले. होल्स्टिनच्या अंगावर मुळात मांस कमी, पावडर महाग, आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे जवळपासचे छोटे कत्तलखाने एकेक करून बंद पडले. दहा वासरं घेऊन शंभर मैल जायचं तर नफा डिझेलमध्ये जातो. शेवटी प्रश्न बराचसा सुटला तो दुसऱ्याच वाटेने: उत्तम गायींना लिंगनिश्चित रेतन करून कालवडी मिळवायच्या आणि उरलेल्या गायींना ॲंगस किंवा बेल्जियन ब्ल्यू या मांसाच्या जातींचं रेतन करायचं. त्या वासरांना बाजार आहे. २०२४ मध्ये ब्रिटनने कत्तलीसाठी जिवंत जनावरं देशाबाहेर पाठवणंही कायद्याने बंद केलं.

न्यूझीलंडमध्ये सगळ्या गायी वसंतात एकाच हंगामात वितात, आणि नको असलेली सुमारे वीस लाख वासरं दरवर्षी जन्मानंतर आठवडाभरात कत्तलखान्यात जातात. चार दिवसांच्या आतलं वासरू हलवायचं नाही, एवढीच सवलत. त्यांचं मांस, कातडी, चीजसाठी लागणारं रेनेट, सगळं विकलं जातं. हिशेबाला पक्का आणि बघायला भयंकर असा हा व्यवहार आहे.

आता महाराष्ट्र. २०१५ साली गोमांसबंदी आली, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. १९७६ च्या महाराष्ट्र प्राणी रक्षण कायद्यात गायीची कत्तल बंद होतीच, आणि गाय या शब्दात कालवड, गोऱ्हा, दोन्ही धरले होते. म्हणजे व्हीलचा मार्ग इथे कायद्याने कधीच खुला नव्हता. खुला होता तो मोठ्या बैलाचा आणि वळूचा: जनावर कामाचं, पैदाशीचं राहिलं नाही असा दाखला मिळाला की ते कापता येत असे. १९९५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेली दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीने मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि ती वाटही बंद झाली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. राज्याबाहेरून आलेलं गोमांस जवळ बाळगणं मात्र गुन्हा ठरत नाही, असं सांगितलं. गोव्यात आजही बैलाला दाखल्याची सोय आहे, पण त्यांची जनावरं येतात मुख्यतः बेळगावकडून, आणि कर्नाटकाचा कडक कायदा २०२१ मध्ये लागू झाल्यापासून तिथेही टंचाईची ओरड असते.

वरवर पाहता बैलावरच्या बंदीचा चार दिवसांच्या गोऱ्ह्याशी संबंध नाही. पण शेतकरी गोऱ्हा पाळतो तो पुढे कधीतरी पैसे होतील म्हणून. शेवटचं गिऱ्हाईक गेलं की त्याच्या आधीच्या प्रत्येक टप्प्यावरचं मोल उतरतं. खोंड विकला जात नाही, म्हणून गोऱ्हा विकला जात नाही, म्हणून त्याला दूध पाजावंसं वाटत नाही. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्या, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायमही केल्या, आणि चांगल्या खिलार खोंडाला लाखांचे भाव आले. जर्सीच्या गोऱ्ह्याला त्यातला एक रुपया मिळत नाही.

हिशेब हातावर मांडता येतो. संकरित गोऱ्हा तीस किलोचा जन्मतो. वजनाच्या दहा टक्के म्हणजे रोज तीन लिटर दूध, दोन महिने. गायीच्या दुधाला तीस रुपये धरले तर पाच हजार चारशे रुपयांचं दूध गेलं. पुढचे चार महिने चारा, पेंड, औषध मिळून रोजचे पन्नास धरा, आणखी सहा हजार. सहा महिन्यांचा गोऱ्हा जवळपास साडेअकरा हजारांना पडला, आणि बाजारात त्याला विचारणारं कुणी नाही. तीन गायींच्या गोठ्यावर घर चालवणारा माणूस हे करणार नाही, आणि त्याला निर्दय म्हणण्याचा अधिकार निदान अर्धा लिटरची पिशवी कापून चहा करणाऱ्याला नाही.

मग होतं ते असं. गोऱ्ह्याला उघडपणे कुणी मारत नाही. त्याला चीक पुरेसा मिळत नाही. वासराच्या आतड्यातून चिकातली प्रतिकारद्रव्यं रक्तात जातात ती पहिल्या दिवसापुरती, त्यातही पहिल्या सहा तासांत सगळ्यात जास्त. ती वेळ चुकली की पुढे हगवण किंवा न्यूमोनिया आपलं काम करतो. शहरातल्या डेअरीत खरवसाच्या वड्या चांगल्या भावाने जातात, तो चीक कुणाच्या तरी वाट्याचा असतो; गाय पहिल्या दिवसांत वासराला लागतो त्याहून जास्त चीक देते हे खरं, पण कालवड असेल तर हा विचार आधी होतो आणि गोऱ्हा असेल तर नंतर. गोऱ्हा आखूड दाव्याला बांधला जातो, ताकासारखं पातळ काहीतरी पितो, आणि आठ-पंधरा दिवसांत ‘दगावला’ अशी नोंद होते, नोंद झालीच तर. काही रात्री देवळाच्या आवारात किंवा रस्त्यावर सोडले जातात. काही कवडीमोलाने व्यापाऱ्याच्या टेंपोत जातात.

कायद्याची गंमत इथे आहे. गोऱ्हा कापला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तोच गोऱ्हा उपाशी ठेवून मारला तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हे पन्नास रुपये कुणी भरल्याचं फारसं ऐकिवात नाही.

गोशाळा हा यावरचा सरकारी उपाय. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केलं आणि गोशाळांतल्या देशी गायींसाठी गायीमागे रोज पन्नास रुपयांचं अनुदान मंजूर केलं. देशी, आणि गाय. पश्चिम महाराष्ट्रातल्या गोठ्यांतून जो जीव सगळ्यात जास्त टाकला जातो तो संकरित आहे आणि नर आहे. त्याच्या नावाने या योजनेत काही नाही. शिवाय गोऱ्हा पंधरा वर्षं जगू शकतो. दरवर्षी नव्याने जन्मणाऱ्या लाखोंना पंधरा वर्षं पोसण्याइतका चारा महाराष्ट्रात नाही. दर काही वर्षांनी चारा छावण्या उघडाव्या लागणाऱ्या राज्यात तर नाहीच.

दुसरा उपाय लिंगनिश्चित रेतनाचा, आणि तो खरोखर दमदार आहे. मादी वासरू देणाऱ्या शुक्राणूत जनुकद्रव्य सुमारे चार टक्क्यांनी जास्त असतं. त्या फरकावरून यंत्र शुक्राणू वेगळे करतं आणि दहापैकी नऊ वेळा कालवड मिळते. सांगली जिल्ह्यात भिलवडीला अशा मात्रा तयार होतात. राज्याने अनुदान देऊन शेतकऱ्याला ही मात्रा ८१ रुपयांत देण्याची योजना काढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमला पंतप्रधानांच्या हस्ते देशी बनावटीच्या तंत्राचा प्रारंभ झाला, त्यामुळे परदेशी यंत्रांवरचं अवलंबित्वही कमी व्हावं. अडचणी आहेत. या मात्रेत शुक्राणू थोडे असतात, गाय गाभण राहण्याचं प्रमाण साध्या मात्रेपेक्षा कमी भरतं, आणि एक माज हुकला की एकवीस दिवस गेले. म्हणून ती निरोगी कालवडींना आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या गायींना द्यावी. पोषणात मागे असलेल्या गायीवर ती वाया जाते. पाहुण्यासारख्या येणाऱ्या रेतन सेवकाला एवढं निवडून करायला वेळ आहे का, हा वेगळा प्रश्न.

याहून मोठी गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. गोऱ्हा जन्मला नाही, कालवड जन्मली, म्हणजे प्रश्न आठ-दहा वर्षं पुढे गेला. ती कालवड चार-सहा वेतं देईल आणि मग भाकड होईल. भाकड गायीलाही गिऱ्हाईक नाही. नव्वद टक्के कालवडी म्हणजे पुढे जवळपास दुप्पट भाकड गायी, आणि मधल्या काळात दुधाचा महापूर, पडलेला दर. लिंगनिश्चित मात्रा हवीच, पण त्याबरोबर एकूण किती जनावरं हवीत याचाही विचार हवा.

म्हशीचं गणित निराळं आहे, आणि तिथे आपण हातचं घालवतो आहोत. म्हैसवर्ग कत्तलबंदीत नाही. म्हशीला आणि पारडाला दाखला लागतो, एवढंच. भारत जगातल्या बड्या मांसनिर्यातदारांत मोडतो तो म्हशीच्या मांसामुळेच. नीट पोसलेला रेडा दीड-दोन वर्षांत अडीचशे-तीनशे किलोचा होतो. तरी मुंबईच्या तबेल्यांत, जिथे मुऱ्हा आणि जाफराबादी म्हशी नुसत्या दुधासाठी आणल्या जातात, रेडकू काही आठवड्यांवर क्वचितच टिकतं. मेलेल्या रेडकाच्या कातडीत भुसा भरून ते पान्ह्यासाठी म्हशीसमोर ठेवण्याची युक्ती जुनीच आहे. अकराव्या पंचवार्षिक योजनेत केंद्राने नर रेडकं वाचवून वाढवण्याची योजना आणली होती: त्यांना दुधाऐवजी पर्यायी आहार द्यायचा, कर्ज आणि अनुदान द्यायचं, आणि निर्यातदाराशी जोडून द्यायचं. कल्पना योग्य होती. पण वासरांचा पर्यायी आहार गावातल्या दुकानात सहजी मिळत नाही, मिळाला तर महाग, आणि रेडे भरलेला टेंपोही रस्त्यात अडवला जातो. अडवणारा गोरक्षक आत गोऱ्हा आहे की रेडा हे आधी बघत नाही. २०२५ च्या पावसाळ्यात जनावरांचा आणि मांसाचा व्यापार करणाऱ्या कुरेशी समाजाने राज्यभर जनावरांची खरेदी थांबवली ती याच जाचाला कंटाळून. तेव्हा आठवडी बाजार ओस पडले आणि पहिली ओरड शेतकऱ्यांनी केली.

कोवळ्या वासराचं मांस महाराष्ट्रात रुजावं, असं मी म्हणत नाही. ते इथे रुजणार नाही आणि त्यासाठी कायदा बदलणारही नाही. पण तीन गोष्टी होऊ शकतात आणि व्हायला हव्यात. पहिली रेडकांची: हा कायदेशीर व्यवसाय आहे, त्याला पर्यायी आहाराचा पुरवठा आणि वाहतुकीला संरक्षण मिळालं तर दोन म्हशींचा शेतकरीही एक रेडकू वाढवेल. दुसरी, बैलाच्या दाखल्याची १९७६ ची तरतूद परत आणण्याची. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये अशी संपूर्ण बंदी घटनेला धरून आहे एवढंच म्हटलं. ती घातलीच पाहिजे असा आदेश दिला नाही. जुन्या कायद्यात गाय सुरक्षित होती, वासरूही सुरक्षित होतं, आणि शेतकऱ्याच्या जनावराला शेवटी काहीतरी मोल होतं. तो कायदा आजच्यापेक्षा शहाणा होता.

तिसरी गोष्ट दूध संघांच्या आणि आपल्या हातातली. एक संकरित गाय वेताला तीन हजार लिटर दूध देते असं धरा. दोन वेतांत एक गोऱ्हा. वर काढलेला साडेअकरा हजारांचा खर्च सहा हजार लिटरवर वाटला तर लिटरमागे दोन रुपयांच्या आत येतो. आज हा खर्च कुणाच्याच बिलात नाही, म्हणून तो गोऱ्ह्याच्या अंगावर निघतो. ज्यांना गोवंश जगवायचा आहे त्यांनी आधी हे दोन रुपये पिशवीच्या किमतीत धरावेत, ते संघामार्फत गोऱ्हा पाळणाऱ्या गोठ्यापर्यंत पोचवावेत, आणि मगच शेतकऱ्याच्या दारात टेंपो अडवायला जावं.